बोळकं, नळी आणि कलम

शिवाजीनगर म्हटलं की मराठी माणसाला आधी पुण्याचं आठवतं, जुन्या भांबुर्ड्याचं. जबड्याच्या हाडाचं हे प्रकरण मात्र सुरू होतं ते बंगळूरच्या शिवाजीनगरात. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ नंतर. तेव्हाचं शहर होतं तटाच्या आत, पेठेत. शिवाजीनगरचा हा भाग पुढे इंग्रजांच्या छावणीबरोबर वाढला आणि ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराजांचं नाव त्याला स्वातंत्र्यानंतर मिळालं. आज इथे एका बाजूला सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा, समोर १९२७ च्या सुमाराला बांधलेलं रसेल मार्केट, पलीकडे बसस्थानकाचा गलबला आणि थोड्या अंतरावर १८६८ पासूनचं बाउरिंग रुग्णालय.

हाड म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर सकाळी लवकर इथल्या मटणाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहावं. शाकाहारी वाचकांनी लांबून पाहिलं तरी चालेल. गिऱ्हाईक मागतं, ‘नल्ली देना’. सत्तूर पडतो, मांडीच्या हाडाचे तुकडे होतात आणि हाडाची आतली रचना उघडी पडते. बाहेर चिनीमातीच्या भांड्यासारखं टणक, पांढरं कवच. टोकाशी, सांध्याजवळ, पावासारखी जाळी. मधल्या पोकळीत मगज. खवय्यांना मगज हवा असतो. आपल्याला त्या जाळीकडे पाहायचं आहे, कारण दाताच्या डॉक्टरांचं सगळं गणित तिच्यावर चालतं.

दख्खनीत नल्ली, मराठीत नळी. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातल्या नळीसारख्या लांब हाडांना ‘नलक’ म्हटलं आहे. त्याच यादीत ‘रुचक’ नावाचा आणखी एक प्रकार येतो. रुचक म्हणजे दात. सुश्रुताने दात हाडांत मोजले. आजचं शास्त्र ते मानत नाही. हाड मोडलं तर जुळतं, दाताचा टवका उडाला तर तो भरून येत नाही, कारण दातावरच्या चकचकीत आवरणात एकही जिवंत पेशी नसते. हाडाचं उलट आहे. ते आयुष्यभर कुरतडलं जातं आणि आयुष्यभर नव्याने बांधलं जातं. कुरतडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. दोघींचं काम बरोबरीने चाललं की हाड शाबूत राहतं.

बोळकं कसं होतं

दात गेलेल्या आजीच्या तोंडाला आपण बोळकं म्हणतो. संक्रांतीच्या सुगडासारखं छोटं मातीचं भांडं, काठ आत वळलेले. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा तोंडाला लावला, त्याची नजर फार चांगली असली पाहिजे. नुसते दात गेले असते तर ओठ जरा सैल पडले असते, इतकंच. पण आजीचे ओठ आत ओढले जातात, हनुवटी वर सरकते, नाकाशी बोलायला जाते. हा सगळा बदल दातांमागच्या हाडाच्या जाण्याने होतो.

जबड्याचं हाड दोन मजल्यांचं आहे असं समजा. तळमजला म्हणजे मूळ जबडा. वरचा मजला म्हणजे दातांची मुळं धरणारा कंगोरा. हा वरचा मजला दातांसाठीच बांधलेला असतो. दात उगवतात तसा तो वाढतो आणि दात गेले की त्याचं प्रयोजन संपतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची तंतूंची गादी असते. आपण भाकरी चावतो तेव्हा तो दाब या गादीतून हाडापर्यंत पोचतो, आणि हाडाला कळत राहतं की आपल्याला अजून काम आहे. हाड कामाप्रमाणे आपली घडण बदलतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. त्याची दुसरी बाजू अशी की बिनकामाचं हाड शरीर पोसत नाही.

दात काढल्यावर जो खड्डा राहतो तो काही महिन्यांत भरतो, हे खरं. पण भरता भरता त्याच्या भिंती खचतात. गालाच्या बाजूची भिंत मुळात पातळ, पुढच्या दातांपाशी तर कित्येकांची एक मिलिमीटरही जाड नसते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली दाढा काढलेल्या रुग्णांची मोजमापं प्रसिद्ध केली. वर्षभरात कंगोऱ्याची रुंदी सरासरी निम्म्यावर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. म्हणजे ‘बघू पुढच्या दिवाळीनंतर’ असं म्हणत आपण घरी बसतो, तेव्हाच आत सगळ्यात जास्त पडझड चाललेली असते.

पुढेही ती थांबत नाही, फक्त मंदावते. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्या लोकांच्या जबड्यांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. खालची कवळी बोलताना उडते, जेवताना हलते, ही घरोघरीची तक्रार याच आकड्यातून येते. आजोबा कवळी करणाऱ्याला दोष देत राहतात. पण कवळी होती तशीच असते, खालची जमीन सरकलेली असते.

दात शाबूत असतानाही हाड जाऊ शकतं. पायरिया म्हणजे हिरडीचा जुना, चिवट दाह. मुळांभोवती कीटण साचतं, शरीर त्याच्याशी झगडतं आणि त्या झगड्यात हाड विरघळतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. एक दिवस दात बोटाने हलवता येतो तेव्हा लक्षात येतं. मिश्री लावणाऱ्या आणि गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्या तोंडांत हे जास्त दिसतं, मधुमेह असेल तर आणखी.

कुत्र्याचं हाड आणि सशाचा पाय

गेलेलं हाड परत आणायचं, तर दुसरीकडचं आणून बसवावं, ही कल्पना जुनी आहे. योब फान मेकरेन या डच शल्यचिकित्सकाच्या १६६८ सालच्या ग्रंथात एक हकीकत येते. रशियातल्या एका जखमी माणसाच्या कवटीला पडलेलं भोक कुत्र्याच्या हाडाने बुजवलं गेलं. जखम भरली, पण माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड म्हणून चर्चने त्याला बहिष्कृत केलं. तो बिचारा ते काढून घ्यायला परत गेला, तर हाड इतकं पक्कं बसलेलं की निघेना. हाड कुठून आणलं हा प्रश्न माणसाला अस्वस्थ करतो, तो तेव्हापासून. पुढे १८८० च्या आसपास ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूएन यांनी एका लहान मुलाच्या दंडाचं सडून गेलेलं हाड दुसऱ्या रुग्णांच्या हाडांचे तुकडे वापरून पुन्हा उभं केलं.

दातांच्या दवाखान्यापर्यंत ही विद्या पोचायला आणखी दोन शोध लागले. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून तिच्यातून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर डबी काढायला गेले, तर हाडाने ती धरून ठेवलेली. टायटॅनियमला हाड परकं मानत नाही, हे त्यातून कळलं. १९६५ साली योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले गेले. तीच आजच्या इम्प्लांटची सुरुवात. पण खुंटा रोवायचा तर भिंत हवी. इम्प्लांट आला आणि आतापर्यंत कोणाला फारशी न सलणारी हाडाची उणीव एकदम अडचण होऊन बसली.

दुसरा शोधही १९६५ चाच. अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं चुन्याचं द्रव्य आम्लाने काढून टाकलं आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायूत, जिथे हाडाचा संबंध नाही. काही आठवड्यांनी तिथे नवं हाड तयार झालेलं दिसलं. मेलेल्या हाडातही ‘इथे हाड बांधा’ असा निरोप शिल्लक राहतो, आणि चुन्याचा थर निघाला की शरीराच्या पेशी तो वाचतात. या निरोप्या प्रथिनांना पुढे हाड घडवणारी प्रथिनं असं नाव मिळालं.

कलम म्हणावं का?

हाडाच्या या रोपणाला काही डॉक्टर बोलताना कलम म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण तो थोडी फसवणूक करतो. देवगडच्या बागेत हापूसची काडी रायवळ रोपावर बांधली की काडी जगते, वाढते आणि आपलीच फळं देते. वर हापूस, खाली रायवळ, झाड असेपर्यंत. हाडाच्या कलमात बाहेरून आणलेली काडी बहुतेक वेळा टिकत नाही. टिकावी अशी अपेक्षाही नसते. कुरतडणाऱ्या पेशी तिला हळूहळू खातात आणि बांधणाऱ्या पेशी तिच्या जागी रुग्णाचं स्वतःचं हाड रचत जातात. म्हणून डॉक्टर खड्ड्यात भरतात ती दाणेदार पूड म्हणजे नवं हाड नव्हे. स्लॅब ओतताना लावतात त्या सेंट्रिंगसारखी ती असते.

या सेंट्रिंगचं सामान चार ठिकाणांहून येतं.

पहिलं, स्वतःचं शरीर. अक्कलदाढेच्या मागचा जबडा, हनुवटी, जास्त लागलं तर कमरेचं हाड. यात जिवंत पेशी असतात, निरोप असतो आणि सांगाडाही असतो. त्यामुळे आजही सगळ्यांची तुलना याच्याशी होते. किंमत एवढीच की दुसरीकडे जखम होते. गेल्या काही वर्षांत काढलेला दात स्वच्छ करून, दळून त्याच रुग्णाच्या जबड्यात भरण्याची पद्धतही आली आहे. दाताचा आतला भाग घडणीने हाडाच्या बराच जवळचा असतो. सुश्रुताचा रुचक असा आडवाटेने हाडांच्या पंगतीत परत आला म्हणायचा.

दुसरं, दुसऱ्या माणसाचं हाड. इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. दात्यांकडून आलेलं हाड तिथे धुतलं जातं, त्यातली चरबी आणि रक्त काढलं जातं, गोठवून वाळवलं जातं. युरिस्टच्या पद्धतीने चुना काढलेली पूडही तिथे बनते. मग बंद पाकिटावर गॅमा किरणांचा मारा करून ते निर्जंतुक करतात. देशभरातल्या दंतमहाविद्यालयांत पायरियाच्या रुग्णांवर झालेल्या कितीतरी अभ्यासांत वापरलेली पूड परळहून आलेली आहे. अवयवांच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, त्यामुळे अशा पेढ्यांना आता कायद्याची चौकट आहे.

तिसरं, जनावराचं हाड, बहुतेक गाईगुरांचं. त्यातला सगळा जैविक भाग काढून नुसता खनिज सांगाडा ठेवतात. हे दाणे इतरांपेक्षा फार सावकाश विरतात, कित्येक वर्षांनीही नव्या हाडात वेढलेले सापडतात. म्हणजे हापूसच्या काडीची आठवण देणारं कलम असलंच तर ते हे. आकार टिकवायचा असेल तिथे त्याचा हा गुण कामी येतो.

चौथं, कारखान्यातलं. आपल्या हाडाच्या वजनाचा मोठा वाटा कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. ते खनिज प्रयोगशाळेत बनवता येतं. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ साली हाडाशी जुळणारी काच तयार केली. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने अशाच खनिज आणि काचेच्या मिश्रणावर काम केलं आहे. यात निरोप नसतो, फक्त सांगाडा असतो. पण कोणाच्याही धर्माला किंवा ताटाला त्याचा प्रश्न पडत नाही.

खुर्चीवर काय होतं

सगळ्यात साधं काम दात काढतानाच होतं. दात काढला, खड्डा खरवडून स्वच्छ केला, दाणे भरले, वरून पातळ पडदा ठेवला आणि टाके घातले. पडद्याचं काम शेतकऱ्याला चटकन कळेल. हिरडीच्या पेशी तणासारख्या भराभर वाढतात, हाडाच्या पेशी सावकाश. राखण केली नाही तर खड्डा हिरडीच बळकावते. पडदा ते तण बाहेर ठेवतो. बहुतेक पडदे नंतर आपोआप विरतात. अशा भरणाने झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. चार ते सहा महिने थांबून मग इम्प्लांट बसवतात.

वरच्या दाढांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुळांवर, गालामागे, वरच्या जबड्याच्या हाडात हवेची पोकळी असते. सर्दी झाली की जी जड होते तीच. दाढा गेल्या की ही पोकळी खाली पसरते आणि खालचं हाड कधीकधी तीन-चार मिलिमीटरच उरतं. अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात यावर तोड काढली. बाजूने छोटी खिडकी पाडायची, पोकळीचं आतलं अस्तर अलगद वर उचलायचं आणि खाली झालेल्या जागेत हाडाचे दाणे भरायचे. हे अस्तर अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याइतकं नाजूक असतं. शिकाऊ डॉक्टर खरोखर कच्च्या अंड्यावर सराव करतात, कवच कोरायचं आणि पापुद्रा फाटू द्यायचा नाही. हे भरण पक्कं व्हायला सहा ते नऊ महिने द्यावे लागतात. त्यातल्या पहिल्या काही आठवड्यांत जोराने नाक शिंकरायची मनाई असते.

पण हे कलम खरोखर जिवंत होतं याचा पुरावा इम्प्लांटमध्ये मिळत नाही. तो मुलांमध्ये मिळतो. काही बाळं ओठ आणि टाळू फाटलेली जन्माला येतात. बाळ काही महिन्यांचं असताना ओठ शिवतात, टाळू साधारण वर्षाच्या आसपास. तरी वरच्या हिरडीच्या हाडात फट राहतेच, आणि त्या फटीपाशी वरचा सुळा आत अडकलेला असतो. बॉइन आणि सँड्स यांनी १९७२ साली या मुलांसाठी पद्धत मांडली. नऊ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा यायच्या आधी, कमरेच्या हाडातली मऊ जाळी काढायची आणि फटीत भरायची. मटणाच्या दुकानात दिसली तीच जाळी. पुढे सुळा त्या भरलेल्या हाडातून वाट काढत खाली येतो. सिमेंटमधून दात उगवत नाही. तो आला याचा अर्थ तिथे आता हाडच आहे, त्या मुलाचं स्वतःचं. शिवाजीनगरपासून जवळ, मिलर रस्त्यावरच्या भगवान महावीर जैन रुग्णालयात अशा मुलांच्या शस्त्रक्रियांचं केंद्र आहे. कमरेचं हाड तोंडात गेलं हे ऐकून आयांना आधी धक्का बसतो. सुळा दिसला की त्या विसरतात.

सेंट्रिंग कोसळतं कधी

कलम बसायला तीन गोष्टी लागतात. रक्त, स्थिरता आणि वेळ. भरलेली जागा हलली, जिभेने चाळली, कवळीने दाबली, तर नव्या रक्तवाहिन्या तुटतात. विडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून ओढणाऱ्यांमध्ये ही कामं जास्त फसतात. आधी काही आठवडे आणि नंतर काही महिने सोडायला सांगतात ते उगाच नाही. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरणं रेंगाळतं, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी आधी मागतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधं देतात, वृद्ध स्त्रियांना विशेषतः. ती हाड कुरतडणाऱ्या पेशींना थोपवतात. अशा औषधांवर असलेल्या रुग्णांच्या जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर उघडं पडून मरू शकतं, हे २००३ पासून डॉक्टरांच्या नजरेत आलं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी दाताच्या डॉक्टरांना सांगायची असते ती यासाठी. घरी बसून ती गोळी स्वतःच बंद करणंही चूक, दोन्ही डॉक्टरांना बोलू द्यावं.

प्रत्येकाला कलम लागतंच असंही नाही. शेजारच्या दातांच्या आधाराने पूल बसतो, चांगली कवळी बसते, कधी उरलेल्या हाडात आखूड किंवा तिरपा इम्प्लांटही बसतो. त्रिमितीय स्कॅनमध्ये हाडाची उंची आणि रुंदी मिलिमीटरात दिसते, तो आकडा विचारून घ्यावा. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर सरकारी दंतमहाविद्यालयं आहेत. बंगळुरात व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात १९५८ सालापासून आहे, मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथे रांग असते आणि वेळ लागतो. पण या कामात वेळ तसाही लागतोच.

आता पुन्हा त्या मटणाच्या दुकानाशी. तिथलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत किती प्रश्न विचारतं पाहा. कुठलं जनावर, कधीचं, पुढचा पाय की मागचा, हलाल आहे का. पाव किलो हाडांसाठी. तोच माणूस दाताच्या खुर्चीवर बसतो, डॉक्टर ‘थोडं बोन टाकूया’ म्हणतात आणि तो मान हलवतो. संमतीपत्रावर सही करतो. ते हाड माणसाचं की गाईचं, पेढीतलं की कारखान्यातलं, किती महिन्यांनी त्याचं स्वतःचं होणार, काहीच विचारत नाही. एखाद्या जैन किंवा कट्टर शाकाहारी घरात हे नंतर कळतं आणि मन खट्टू होतं. फान मेकरेनच्या त्या रुग्णासारखं काढून घ्यायला जावं तर तोवर ते पक्कं बसलेलं असतं. पाकिटावर सगळं छापलेलं असतं, उघडण्याआधी ते वाचून दाखवायला सांगता येतं. ‘डॉक्टर, हाड कशाचं आहे?’ एवढं वाक्य पुरतं, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.